बाई, तुम्ही नक्की कुणाच्या? राजकारण, नेते आणि रोजच्या वादांवर मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. नोकरीत असताना राजकारणावर उघड बोलता येत नव्हतं. २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि बोलायला लागले. तेव्हापासून जुने विद्यार्थी, शेजारच्या बायका, भाचे-पुतणे मला तेच ते प्रश्न विचारत आले आहेत. लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीच्या थांब्यावर नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?

मी कुठल्याही पक्षाची सभासद नाही. मत मात्र एकाही निवडणुकीत चुकवलेलं नाही, आणि आजवर तीन वेगवेगळ्या चिन्हांना दिलं आहे. कुणाला दिलं ते सांगणार नाही. पण एक सवय मी स्वतःला लावून घेतली आहे: ज्याला मत दिलं, त्याच्या बोलण्यावर पहिली शंका घ्यायची. न आवडणाऱ्या नेत्याचं खोटं मला लगेच दिसतं, त्यासाठी कष्ट लागत नाहीत. आवडत्या माणसाच्या बाबतीत मात्र मन आधी सबब शोधतं आणि मग पुरावा बघतं. हे मी स्वतःच्या बाबतीत इतक्या वेळा अनुभवलं आहे की आता तिथे मुद्दाम थांबते.

यामुळे घरात वाद होतात. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, त्या आठवड्यात माझ्या एका पुतण्यानं कुटुंबाचा ग्रुप सोडला. त्याला वाटलं आत्या तिकडची झाली. त्याच दिवशी दुसऱ्या पुतण्याचा फोन आला, आत्या, तू अजून त्यांच्याच बाजूनं का बोलतेस. दोघंही मला प्रिय आहेत. दोघांनाही मी एकच विचारलं होतं, की तुम्ही म्हणता ते कुठल्या कागदावर आहे?

सगळ्यांवरच शंका, म्हणजे तुमच्या लेखी सगळेच चोर?

नाही. ‘सगळे सारखेच’ या वाक्याची मला चीड आहे. ते म्हणणाऱ्याला पुढे काही वाचावं लागत नाही, कुणाला काही विचारावं लागत नाही. ज्याच्यावर खरोखर आरोप सिद्ध झालाय आणि ज्याच्यावर फक्त चिखल उडवला गेलाय, ते दोघं त्याच्या लेखी एकाच रांगेत.

फरक असतो, आणि तो बघावा लागतो. बॅरिस्टर अंतुलेंनी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणातल्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्रिपद सोडलं. १९८६ मध्ये मुलीच्या वैद्यकीय परीक्षेच्या गुणांवरून न्यायालयानं ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकरांना जावं लागलं. तेव्हाचं राजकारण धुतल्या तांदळासारखं होतं असं माझं म्हणणं नाही. पण न्यायालयाच्या शब्दानं खुर्ची जात होती. आज एखाद्या नेत्यावर गंभीर आरोप झाले की तो कुठल्या पक्षात जाणार याची चर्चा सुरू होते, आणि तो गेला की आरोप करणारेच गप्प बसतात. हा बदल नेमका कधी आणि कसा झाला, हे कळायला दोन्ही काळ वेगळे करून बघावे लागतात.

पक्ष फोडून जाणाऱ्यांना गद्दार म्हणायचं की नाही?

शब्द तुमचा तुम्ही ठरवा. मला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीनं आला. त्या वेळी एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानली जायची आणि सगळे वाचायचे. २००३ मध्ये ९१व्या दुरुस्तीनं ही पळवाट बंद केली. आता दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच संरक्षण मिळतं. कायदा कडक झाला असं आपल्याला वाटलं. आता गोव्याकडे बघा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन तृतीयांश बरोबर दहा. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन एकनिष्ठतेच्या शपथा दिल्या. निवडून आले ११. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यातले ८ गेले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सव्वासातच्या थोडं वर, म्हणून किमान आठ हवेत. दोन्ही वेळा कायद्याला लागतात तितकेच, एकही जास्त नाही. सातवीच्या मुलालासुद्धा हे गणित सोडवता येईल. देवाच्या शपथेनं आठ महिने काढले नाहीत, आणि कायद्यानं त्यांना फक्त किती जण सोबत न्यायचे तेवढं शिकवलं.

महाराष्ट्रात वेगळंच घडलं. एकनाथ शिंदे यांच्यासोबत ५५ पैकी ४० आमदार होते, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त. पण ते कुठल्या पक्षात विलीन झाले नाहीत. आम्हीच मूळ पक्ष, असं त्यांनी सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ ला विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेवर वाजवी मुदतीत निर्णय द्यावा असं म्हटलं आणि तो निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला. फूट पडल्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र ठरलं नाही. आमच्या शाळेत पेपर तपासायला दीड वर्ष लावलं असतं, तर पालकांनी शाळेला कुलूप घातलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

एवढं सांगितल्यावर मला लगेच विचारतात, मग १९७८ चं काय? वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार पुलोद आघाडीचे मुख्यमंत्री झाले तेव्हा? आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये भल्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठवून सकाळी फडणवीस-अजित पवारांची शपथ, ते? हो, तेही तितकंच. ज्यांनी १९७८ ला मुत्सद्देगिरी म्हटलं त्यांनी २०२३ च्या राष्ट्रवादीतल्या फुटीला गद्दारी म्हणू नये, आणि ज्यांनी १९७८ ला पाठीत खंजीर म्हटलं त्यांनी २०२२ ला उठाव म्हणू नये. माझी मागणी साधी आहे. ज्या चिन्हावर निवडून आलात ते सोडायचं असेल तर राजीनामा द्या आणि पुन्हा मत मागायला या. दोन तृतीयांशांची सोयही काढून टाकावी, आणि निर्णय अध्यक्षांच्या हातात ठेवू नये, कारण अध्यक्ष कुठल्या ना कुठल्या पक्षाचेच असतात.

ईव्हीएममध्ये घोळ आहे का? तुम्ही तर ड्युटी केलीय.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी सात निवडणुकांत काम केलं, चार वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. आदल्या दिवशी साहित्य घेऊन मुक्कामाला जायचं, पहाटे उठून सहा वाजता मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, यंत्रातला निकाल त्यांच्या नोंदीशी जुळवायचा, मग सगळं पुसून शून्य दाखवायचं, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राच्या, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या आणि यंत्राला मोहोर लावायची. संध्याकाळी मतदान संपलं की नमुना १७ सी भरायचा. त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली ते असतं, आणि त्याची सहीची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा या कागदाशी जुळला पाहिजे.

माझ्या केंद्रांवर तो जुळला. पण पहाटे सहाला किती प्रतिनिधी हजर असायचे? कधी दोन, कधी एक, एकदा तर कुणीच नाही. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट बघून आम्ही सुरू केलं. संध्याकाळी १७ सी ची प्रत घ्यायलाही काही जण थांबत नसत. हातात मिळणारा पुरावा न घेता घरी गेलेला पक्ष निकालानंतर यंत्राला दोष देतो तेव्हा मला त्रास होतो.

आणि यंत्रावरची शंका कुणाची, हेही बघा. २००९ मध्ये भाजप हरला तेव्हा भाजपच्याच नेत्यांनी यंत्रावर शंका घेतली होती. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीनं ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, तेव्हा त्यांना यंत्र चाललं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला विधानसभेत महायुतीच्या २३० जागा आल्या आणि यंत्र वाईट झालं. शंका निकाल बघून येणार असेल तर तिला मी शंका म्हणत नाही.

मग सगळं आलबेल आहे का? नाही, आणि इथे मी निवडणूक आयोगाच्या बाजूनं मुळीच नाही. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचचा मतदानाचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५ टक्के. सहा वाजता रांगेत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान चालू ठेवतात, दिवसभरातले आकडे घाईघाईनं कळवलेले असतात, त्यामुळे वाढ होते हे मी अनुभवानं सांगू शकते. पण माझ्या सांगण्यावर लोकांनी का विश्वास ठेवावा? सगळ्या केंद्रांचे १७ सी संकेतस्थळावर टाका, ज्याला बेरीज करायची तो करील. त्याऐवजी डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला आणि मतदानाच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना मागता येणार नाहीत अशी सोय केली. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी त्याच महिन्यात स्वतःपुरतं कागदावर मतदान करून बघायचं ठरवलं, तर पोलीस बंदोबस्त लावून ते थांबवलं. गावकऱ्यांच्या त्या मतदानाला कायद्यात काही किंमत नव्हती, मग भीती कशाची होती? लोकांचा विश्वास दडपणानं परत येत नाही हे आयोगाला कळायला हवं.

माझं मत असं: यंत्र बदलून निकाल फिरवले याचा पुरावा माझ्यासमोर आलेला नाही. मतदारयाद्यांबद्दल मात्र मला खरी काळजी आहे. एकाच माणसाचं दोनदा नाव, मेलेल्यांची नावं, एका खोलीत भरमसाट मतदार. यादी तपासायला तंत्रज्ञ लागत नाही, गल्लीतली माणसं पुरतात. आणि नेमकं तेच काम कुणी करत नाही.

लाडकी बहीण चांगली की वाईट? तुम्ही बचत गटात काही बोलत नाही.

बोलते. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. अडीच कोटी बायका धरल्या तर ४५,००० कोटी. सरकारनं सुरुवातीला सांगितलेला आकडा ४६,००० कोटींचा होता, म्हणजे हिशेब जुळतो. आता हे पैसे कुठून येणार आणि त्यासाठी काय थांबणार, हे विचारलं की सत्तेतले चिडतात. आणि रेवडी म्हणून हिणवणाऱ्यांनी त्याच निवडणुकीत ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं होतं. सत्ताधाऱ्यांनीही २,१०० म्हटलं होतं.

पण माझ्या गटातल्या, दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बाईनं मला सांगितलं की नवऱ्याला न विचारता स्वतःच्या डोळ्यांचा चष्मा तिनं पहिल्यांदा या पैशातून केला. हे ऐकल्यावर मी योजनेला सरसकट वाईट म्हणू शकत नाही. बाईच्या खात्यावर थेट पैसा येणं ही मोठी गोष्ट आहे. माझा आक्षेप निवडणुकीच्या तोंडावर न तपासता अर्ज मंजूर करण्याला आहे, आणि मतं पडल्यावर छाननी काढण्याला आहे. पुरुषांनीही लाभ घेतल्याचं नंतर पुढे आलं. छाननी आधी केली असती, तर ज्या गरीब बाईचं नाव चुकून कटलं तिला आज तलाठी आणि सेतू केंद्राच्या चकरा माराव्या लागल्या नसत्या.

७० हजार कोटींच्या सिंचन घोटाळ्याचं पुढे काय झालं?

आधी आकडा बघू. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्यानं वाढल्याचं दिसलं. त्या काळात प्रकल्पांवर झालेला खर्च सुमारे ७० हजार कोटी होता. भाषणांतून खर्चाचा हा आकडाच घोटाळ्याचा आकडा झाला. खर्च आणि चोरी एक नाही. यामुळे आरोपीचीच सोय होते, कारण ७० हजार कोटी कुणीच सिद्ध करू शकत नाही आणि मग खरोखर जे खाल्लं तेही सुटतं. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याची आमच्या जिल्ह्यानं किती वर्षं वाट पाहिली ते इथल्या माणसाला सांगायला नको. कुठल्या कामाची किंमत कितींदा वाढवली, कुणाच्या सहीनं वाढवली, एवढंच विचारत राहिलं असतं तर आज उत्तर मिळालं असतं.

महापुरुषांबद्दलही शंका घ्यायची का?

महापुरुषांना आपल्या भक्तीची गरज नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत स्पष्ट इशारा दिला होता की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्यांच्याच फोटोला हार घालून आपण ते विसरतो.

मालवणच्या राजकोटावरचा महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता असं सांगण्यात आलं. कोकणात जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच्या दुपटीहून जास्त वारा होता. समोरच पाण्यात साडेतीनशे वर्षांचा सिंधुदुर्ग उभा आहे. तो बघत बघत हे कारण ऐकणं मला फार जड गेलं. महाराजांवर प्रेम आहे म्हणूनच तर कंत्राट कुणाला, आराखडा कुणाचा, तपासणी कुणी केली हे विचारायचं. तेव्हा हे विचारणाऱ्याला ‘पुतळ्याचं राजकारण करू नका’ म्हणणारे मी ऐकले आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं लगेच खोटं म्हणता. कधी कधी खरंही असतं की!

असतं. पण हा विषय मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण यात माणसं मेली आहेत.

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या भागात फिरत होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यातली बहुतेक माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची होती, आमच्या जिल्ह्याला लागून. या समाजाची मुलं मी शिकवली आहेत. पालावर राहून, दर दोन महिन्यांनी शाळा बदलून शिकणारी मुलं. ती बातमी वाचली तेव्हा मला कितीतरी चेहरे आठवले.

१६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. लॉकडाऊनच्या काळात चोर आले अशी अफवा होती. आणि त्या तिघांच्या मृत्यूनंतर दुसरी अफवा आली, की हे मुसलमानांनी केलं. अटक केलेल्या १०१ जणांची यादी सरकारला प्रसिद्ध करावी लागली, त्यात एकही मुसलमान नव्हता. पहिल्या अफवेनं तीन जीव घेतले आणि दुसरी गावोगावी पेटवायला निघाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तर आमच्याच जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुलं चोरणारे समजून मारहाण झाली. ते वाचले. तो फॉरवर्ड माझ्या ओळखीच्या तिघांनी मला पाठवला होता. शिकलेली, सज्जन, घरात देवाचं करणारी माणसं. त्यांना राग आला तरी चालेल, पण मी प्रत्येकाला फोन करून राईनपाड्याची गोष्ट सांगितली.

आता तुमच्या ‘कधी कधी खरं असतं’ कडे येते. १८८२ ची गोष्ट आहे. कोल्हापूरच्या महाराजांचा दिवाण बर्वे छळ करतो असं केसरीनं लिहिलं आणि पुराव्यादाखल पत्रांचा आधार घेतला. ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली, १०१ दिवस दोघं डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी ते तरुण महाराज अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर वारले. म्हणजे महाराजांचे हाल होत होते ही तक्रार खोटी नव्हती, पण पुरावा खोटा होता. या घटनेचा मी फार विचार केला आहे. बाजू खरी असली तरी खोट्या कागदावर उभी केली की ती न्यायालयात पडते, आणि ज्याच्यासाठी लढायला निघालो त्याचं काहीच भलं होत नाही. टिळक-आगरकरांसारख्या माणसांना फसवता आलं, तर मोबाइल हातात घेऊन अर्ध्या झोपेत बसलेल्या आपल्याला कितीसा वेळ लागणार?

देवावर तरी विश्वास आहे ना?

आहे. माझी पूजा चुकत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला तेव्हा सासूबाईंबरोबर मीही वाटी घेऊन रांगेत होते. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरोखर कमी झालं. अंगावर काटा आला. पण परत येताना मूर्तीच्या पायाशी साचलेलं दूध दिसलं. दुसऱ्या दिवशी वर्गात खडूच्या पेटीवरच्या मातीच्या बैलाला लाल रंगाच्या दुधाचा चमचा लावून दाखवला. पृष्ठताणामुळे द्रव ओढला जातो आणि पातळ थरानं खाली ओघळतो, रंग असला की दिसतो. मुलं गप्प झाली. घरी सासूबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘बैल प्याला तर प्याला, माझा गणपती आहे तिथंच आहे.’ त्यांची श्रद्धा माझ्या प्रयोगानं गेली नाही आणि ती घालवायची माझी इच्छाही नव्हती.

म्हणूनच डॉ. नरेंद्र दाभोलकरांना धर्मद्रोही म्हणणाऱ्यांशी मी भांडते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी झाला. दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडलं. त्या कायद्यानं कुणाची पूजा थांबली? अंगात आलं म्हणून बाईला चटके देणं मात्र गुन्हा झाला.

पहिलीपासून हिंदीला तुमचा विरोध का? एक भाषा जास्त शिकली तर बिघडतं काय?

भाषा जास्त शिकावी, पण सहा वर्षांच्या मुलाला आधी एका भाषेत नीट वाचू द्या. आपल्या मराठी शाळांत हिंदी पाचवीपासून होतीच आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनची दुरुस्ती आणि २९ जूनला दोन्ही मागे, हे बघून मला दुःख झालं की एवढा मोठा निर्णय वर्गात उभ्या राहणाऱ्यांना न विचारता झाला होता. ५ जुलैच्या ठाकरे बंधूंच्या वरळीच्या मेळाव्याचा आनंद मलाही झाला. पण मेळाव्याला टाळ्या वाजवून आपली नातवंडं इंग्रजी शाळेत सोडणाऱ्यांना मी ओळखते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याच काळात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणी दोन वर्ग एका खोलीत शिकवत होत्या. मराठीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक नेत्याला मी विचारते की तुमच्या मतदारसंघात शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत. अजून कुणी आकडा दिलेला नाही.

भोंगा आणि डीजे, दोन्हींत आधी काय बंद करायचं?

जे नियमाबाहेर आहे ते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, सरकारनं सणांसाठी सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. नियमात मशीद, मंदिर, मिरवणूक, जयंती असं काही लिहिलेलं नाही. आमच्या गल्लीत विसर्जनाच्या रात्री छातीत धडधड होऊन एका आजोबांना दवाखान्यात न्यावं लागलं. मंडळाची मुलं माझीच विद्यार्थी. पुढच्या वर्षी त्यांनी ढोल-लेझीम आणली. सांगितल्यावर ऐकतात, पण आपल्या माणसांना आपणच सांगायचं असतं.

आणि हेल्मेट?

घाला. डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, जीव जाण्याचा सुमारे ४० टक्क्यांनी. सक्तीला विरोध करणारे माझे पुण्यातले भाऊजी मला हा आकडा खोडून दाखवू शकलेले नाहीत.

कुणीच पटत नसेल तर नोटा दाबू का?

दाबा, पण त्यानं काय होतं ते माहीत असू द्या. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सुमारे साडेसत्तावीस हजार मतं. निकालावर परिणाम शून्य. मला विचाराल तर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचून निदान कमी वाईट कोण ते शोधा.

बाई, हे सगळं तपासायचं कसं? आम्हाला वेळ कुठे आहे?

सगळं तपासू नका. ज्यावरून तुम्हाला राग येतो तेवढंच तपासा. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत असतात, बातमी वाचण्याआधी तो उघडा. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रात असतात. आणि माहितीचा अधिकार. आपल्या राज्यानं तो केंद्राच्या आधी, २००२ मध्येच केला होता, २००५ चा देशाचा कायदा नंतरचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘का केलं’ असं विचारू नका, उत्तर मिळत नाही. ‘अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची आणि अंतिम देयकाची प्रत द्यावी’ असं लिहा.

तुमचं कधी चुकलं का?

चुकलं, आणि ते मी गावासमोर मान्य केलं आहे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी आमच्या वस्तीच्या रस्त्याचा फलक लागला. त्यावर लाखांत रक्कम, खाली पुढाऱ्यांची नावं. रस्ता मात्र अर्धाच. त्या नावांतला एक माणूस मला आधीपासून आवडत नव्हता. बचत गटाच्या बैठकीत मी वीस बायकांसमोर बोलले की उरलेल्या रस्त्याचे पैसे यानं खाल्ले. बोलताना मला पूर्ण खात्री होती. नंतर अर्ज टाकला आणि पस्तीस दिवसांनी कागद आले. काम दोन टप्प्यांत मंजूर होतं, दुसऱ्या टप्प्याचा निधी आलाच नव्हता, आणि दिलेलं देयक तेवढ्या अर्ध्या रस्त्याचंच होतं. मोजमापही बरोबर होतं. मी स्वतः टेप धरून रस्ता मोजला.

पुढच्या बैठकीत त्याच बायकांसमोर कागद वाचून दाखवले आणि माझं बोलणं मागे घेतलं. मग त्या माणसाच्या घरी गेले. त्याला मी काय बोलले होते ते कळलेलंच होतं. त्याच्या आईनं चहा केला. तो म्हणाला, ‘बाई, दुसऱ्या टप्प्यासाठी तुम्हीच एक अर्ज लिहून द्या, माझं कुणी ऐकत नाही.’ तो अर्ज मी तिथंच लिहिला. रस्ता अजून अर्धाच आहे, आणि मी पुढचा माहिती अर्ज गेल्या सोमवारी टाकला.